पुणे ते फ्रँकफर्ट : अंतर एक, तास निराळे

प्रश्न : माझा मुलगा चाकणच्या एका मोटार कंपनीत इंजिनिअर आहे. जानेवारीत कंपनी त्याला तीन आठवड्यांसाठी जर्मनीला पाठवते आहे. तिकिटावर मुंबईहून विमान रात्री १ वाजता निघून सकाळी ६ वाजता फ्रँकफर्टला पोहोचते, म्हणजे पाच तास. येताना दुपारी साडेबाराला निघून रात्री १ वाजता मुंबईत, म्हणजे साडेबारा तास. इंटरनेटवर पुणे ते फ्रँकफर्ट ६,६८५ किलोमीटर आणि पावणेनऊ तास असे दिसते. यातले खरे कोणते? आणि पूर्वी पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून थेट फ्रँकफर्टचे विमान होते, ते मध्येच बाकूला का थांबायचे?
– एक आई, मोशी

उत्तर : दोन्ही तिकिटे शेजारी ठेवून पाहिलीत हे फार बरे केलेत. एकच तिकीट पाहून उत्तर सापडले नसते, दोन्ही मिळून ते सापडते.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. निघण्याची मुंबईची, पोहोचण्याची फ्रँकफर्टची. जानेवारीत जर्मनीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. तुमचा मुलगा तिथे सकाळी सहाला उतरेल तेव्हा मोशीत साडेदहा वाजलेले असतील. रात्री एक ते सकाळी साडेदहा, म्हणजे साडेनऊ तास. येताना तिथे दुपारचे साडेबारा वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे पाच झालेले असतात. पाच ते रात्री एक, आठ तास.

घड्याळातला फरक ठाऊक नसेल तरी खरा वेळ काढता येतो. जातानाचे दिसणारे तास आणि येतानाचे दिसणारे तास यांची सरळ बेरीज करा. पाच आणि साडेबारा, साडेसतरा. जाताना घड्याळाने जेवढे तास कमी दाखवले तेवढेच येताना जास्त दाखवले, त्यामुळे बेरजेत तो फरक उरतच नाही. निम्मे केले की पावणेनऊ तास, हा दोन्ही दिशांचा सरासरी वेळ. जगातल्या कोणत्याही दोन विमानतळांना हे लागू पडते. एक काळजी मात्र घ्यावी लागते. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळे तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तासच मागे असते. कोणी फेब्रुवारीत जाऊन एप्रिलमध्ये परत येत असेल तर ही बेरीज एक तासाने चुकेल.

इंटरनेटवरचे पावणेनऊ तास निराळ्या वाटेने आलेले आहेत. तिथे बहुधा सरळ अंतराला एका ठरावीक वेगाने भागतात आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवतात. ६,६८५ किलोमीटरला ताशी ८०० ने भागा, वर अर्धा तास घाला, ८ तास ५१ मिनिटे होतात. त्या हिशेबात ना वारा धरलेला असतो, ना वळसा. अंदाजाला तो आकडा ठीक आहे, पण त्यावरून पुढचे जोडविमान ठरवू नये.

आता जायला साडेनऊ आणि यायला आठ, हा दीड तासाचा फरक. यात घड्याळाचा संबंध नाही, हा वाऱ्याचा खेळ आहे. विमाने ज्या उंचीवरून जातात तिथे, साधारण ९ ते १२ किलोमीटरवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. हिवाळ्यात हा झोत दक्षिणेकडे सरकून इराण, पाकिस्तान, उत्तर भारत यांच्या डोक्यावर येतो आणि त्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्याही वर जातो. आपल्या उत्तरेत हिवाळी पाऊस आणणारे पश्चिमी विक्षोभ याच प्रवाहाबरोबर येतात. तुमचा मुलगा जाताना या वाऱ्याच्या तोंडावर जाणार आणि येताना तोच वारा पाठीशी घेऊन येणार. हा झोत सर्वांत आधी नीट मोजला तो वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञांनी, १९२० च्या दशकात जपानमधल्या तातेनोहून फुगे सोडून. जगाने वाचावे म्हणून त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला आणि त्यामुळेच तो फारसा कोणी वाचला नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

जाताना गेलेला वेळ येताना पूर्ण वसूल होतो असे आपल्याला वाटते, पण तसे होत नाही. हिशेब करून पाहा. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर धरला आणि वारा अजिबात नसला, तर ६,६८५ किलोमीटर जाऊन परत यायला १४ तास ५१ मिनिटे लागतात. ताशी १०० किलोमीटरचा वारा असला तर जाताना खरा वेग ८००, येताना १,०००. जायला ८ तास २१ मिनिटे, यायला ६ तास ४१ मिनिटे, एकूण १५ तास २ मिनिटे. अकरा मिनिटे गेली ती गेलीच. कारण उलटा वारा आपल्याला जास्त वेळ सोसावा लागतो आणि पाठचा वारा कमी वेळ मिळतो.

पावसाळ्यात चित्र बदलते. पश्चिमेचा झोत हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि आपल्या द्वीपकल्पावर उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा वेगळाच झोत उभा राहतो. त्याचे वर्णन प्रथम पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात केले. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये जाण्यायेण्याच्या वेळांतला फरक जानेवारीपेक्षा कमी होतो.

अंतराचे म्हणाल तर ६,६८५ किलोमीटर हा आकडा पक्का आहे. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन मी तो पुन्हा काढून पाहिला. पण हे अंतर भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मिळणार नाही. ते गोलावर मोजावे लागते. शाळेतला ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्या. पुण्यावर दोऱ्याचे एक टोक बोटाने दाबून धरा, दुसरे फ्रँकफर्टवर, आणि दोरा ताणा. तो आपोआप सर्वांत जवळची वाट पकडतो. त्याची लांबी साधारण १५.७ सेंटिमीटर भरेल. गोलाचा पूर्ण घेर ९४ सेंटिमीटर, म्हणजे हा दोरा बरोबर त्याचा सहावा हिस्सा. पृथ्वीच्या केंद्रातून पाहिले तर पुणे आणि फ्रँकफर्ट यांच्यामध्ये ६० अंशांचा कोन होतो, आणि पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. सहाने भागा, ६,६७० च्या आसपास येते. वरचे पंधरा किलोमीटर कोन ६० पेक्षा किंचित मोठा असल्यामुळे.

दोरा कुठून जातो तेही पाहण्यासारखे आहे. पुण्याहून वायव्येला जामनगर, कराचीजवळून बलुचिस्तान, मग इराण, तेहरानच्या पूर्वेकडून कॅस्पियन समुद्राचा नैर्ऋत्य कोपरा, अझरबैजान, जॉर्जिया, काळा समुद्र, क्रिमिया, ओडेसाच्या जवळून रुमानियाचा उत्तर भाग, चेक प्रजासत्ताकातले ब्रनो आणि फ्रँकफर्ट. सपाट नकाशावर काढलेली सरळ रेघ मात्र इराककडे झुकते. त्या रेघेने, एकच दिशा धरून गेलात तर ६,८२० किलोमीटर पडतात, म्हणजे सव्वाशेहून जास्त किलोमीटरचा भुर्दंड. विमानातल्या पडद्यावर वाट वाकडी दिसते म्हणून घाबरणारे प्रवासी मी पाहिले आहेत. ती वाकडी दिसणारी वाटच खरी सरळ असते.

तरीही कोणतेही विमान या दोऱ्यावरून हुबेहूब जात नाही. वरच्या यादीतली नावे पुन्हा वाचा. बलुचिस्तान, इराण, क्रिमिया, ओडेसा. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद झाले. भारतीय कंपन्यांच्या विमानांना पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी आपले आकाश बंद केले. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत ते बंदच होते. जून २०२५ मध्ये इराणचे आकाशही काही दिवस मिटले. अशा वेळी मुंबईहून निघालेले विमान अरबी समुद्रावरून ओमानकडे जाते, तिथून वर वळते आणि पुढे तुर्कस्तानवरून युरोपात शिरते. प्रत्येक वळशात काही शे किलोमीटर वाढतात, आणि वळसा उलट्या वाऱ्यात पडला तर वेळ त्याहून जास्त वाढतो. म्हणून एकाच मार्गावर, एकाच महिन्यात, दोन कंपन्यांच्या वेळा अर्ध्या-पाऊण तासाने वेगळ्या असू शकतात. तिकीट काढताना भाड्याबरोबर तासही पाहावेत, असे मी सर्वांना सांगतो.

बाकूचा प्रश्न तुम्ही विचारलात याचा मला विशेष आनंद झाला, कारण तो थेट आपल्या भागाचा आहे. लुफ्थान्साने पुणे-फ्रँकफर्ट सेवा २००८ मध्ये सुरू केली. चाकणमध्ये त्या सुमारास जर्मन मोटारींचे मोठे कारखाने उभे राहत होते. फोक्सवॅगनचा प्रकल्प २००९ मध्ये सुरू झाला आणि मर्सिडीज-बेंझही त्याच काळात पिंपरीहून चाकणला आली. विमान छोटे होते, आसने थोडी, आणि बसणारे बरेचसे कंपन्यांच्या कामाने जाणारे. काही काळ ते वाटेत इंधनासाठी बाकूला उतरत असे.

बाकूच का, याचे उत्तर तुमच्या दोऱ्यावर आहे. दोऱ्याचा बरोबर मध्य काढला तर तो अझरबैजानच्या दक्षिण टोकाशी येतो. अझरबैजानची राजधानी बाकू तिथून जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर. इतक्या लांबच्या वाटेवर विमानाला थांबायचेच असेल तर मध्याशेजारचे, वाट फारशी न मोडणारे असे दुसरे मोठे शहर शोधायला जावे लागेल.

थांबावे का लागते, हे समजायला लोहगावची धावपट्टी पाहावी लागेल. ती २,५३५ मीटरची आहे. मुंबईची मुख्य धावपट्टी सुमारे साडेतीन किलोमीटर, फ्रँकफर्टच्या मोठ्या धावपट्ट्या ४,००० मीटरच्या. शिवाय लोहगाव समुद्रसपाटीपासून ५९२ मीटर उंचावर आहे. उंचीवर हवा विरळ आणि उन्हात ती आणखी विरळ. एप्रिलच्या दुपारी पारा ३८ अंशांवर असताना लोहगावची हवा समुद्रसपाटीच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ असते. पंखांना उचलून धरणारी हवाच कमी, इंजिनाचा जोरही कमी, आणि धावायला जागाही कमी. मग वजन उतरवावे लागते. प्रवासी उतरवता येत नाहीत, सामानही फारसे नाही, राहते इंधन. टाकी पूर्ण न भरता निघायचे आणि मध्ये कुठेतरी भरून घ्यायचे. त्यातून लोहगाव हे हवाई दलाचे ठाणे, नागरी विमाने तिथे दलाच्या वेळापत्रकात बसवली जातात. जुलै २०२४ पासून नवे प्रशस्त टर्मिनल सुरू झाले आहे, पण टर्मिनल मोठे झाले म्हणून धावपट्टी लांब होत नाही.

चाकण-राजगुरुनगर पट्ट्यात आंतरराष्ट्रीय विमानतळ व्हावा ही चर्चा आपण वर्षानुवर्षे ऐकली. २०१६ मध्ये जागा पुरंदरला ठरली आणि तो विषय आपल्या भागापुरता संपला. ज्यांची शेती त्यात जाणार होती त्यांचा विरोध मी समजू शकतो. पण तुमच्या मुलासारख्यांच्या प्रवासाचा जो भाग सर्वांत कंटाळवाणा आहे तो त्यामुळे तसाच राहिला, हेही खरे आहे.

कारण प्रवासाचे तास मोजायचे तर मोशीच्या घरापासून मोजायला हवेत. रात्री १ चे विमान म्हणजे १० वाजता विमानतळावर असलेले बरे. मोशी ते मुंबई विमानतळ सव्वाशेहून अधिक किलोमीटर. शिफ्ट सुटायच्या वेळी चाकण चौक, तळेगाव चौक, कंटेनरच्या रांगा, घाटात एखादा ट्रक बंद पडलेला, पुढे मुंबईची गर्दी. पाच वाजता घर सोडलेले चांगले. म्हणजे चाके जमिनीवरून उचलण्याआधीच आठ तास गेले, आणि येतानाचा सबंध विमानप्रवास तेवढाच आहे. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला. तो पनवेलजवळ असल्यामुळे तिथून सुटणाऱ्या विमानांसाठी आपल्या लोकांचा मुंबईतला सगळा टप्पा वाचतो. पुढच्या वेळी तिकीट काढताना तिथून सोयीचे विमान आहे का हे मुलाला जरूर पाहायला सांगा. आणि एक विनंती. येताना तो रात्री एकला उतरेल, सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत दोन वाजतील. पहाटेच्या झोपेच्या वेळी घाट चढणारा चालक पुरेशी विश्रांती घेऊन येणार आहे ना, हे गाडी ठरवतानाच विचारून घ्या. सबंध प्रवासातला सर्वांत धोक्याचा टप्पा तोच आहे.

प्रश्न : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला जर्मनी स्वतःहून जवळ येत असेल ना? तरी जायलाच जास्त वेळ का लागतो?
– इयत्ता नववीतील विद्यार्थिनी, भोसरी

उत्तर : फार चांगला प्रश्न विचारलास. पुण्याच्या अक्षांशावर जमीन ताशी जवळजवळ १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते आहे. विमान उडाले की ही जमीन त्याच्याखालून सरकत गेली असती, तर विमानाने नुसते वर जाऊन थांबायचे आणि जर्मनी खाली आली की उतरायचे, एवढेच काम उरले असते. पण पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते. धावत्या लोकलमध्ये तू चेंडू वर उडवलास तर तो मागच्या बाकावर जाऊन पडत नाही, तुझ्याच हातात येतो. विमान त्या हवेत पोहते, त्यामुळे जमिनीच्या फिरण्याचा त्याला थेट फायदाही नाही आणि तोटाही नाही.

आडून मात्र फरक पडतो. विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढून ध्रुवांकडे निघते. विषुववृत्तावर जमिनीचा वेग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर, उत्तरेकडे तो कमी कमी होत जातो. निघालेली हवा आपला मूळचा जास्त वेग बरोबर घेऊन जाते, म्हणून ती तिथल्या जमिनीच्या पुढे पूर्वेकडे धावू लागते. वर ज्या झोताचे सांगितले तो असा तयार होतो. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यामुळेच जर्मनीला जायला उशीर होतो, पण तो वाऱ्याच्या हातून. तुझ्या भूगोलाच्या पुस्तकात कोरिऑलिस परिणाम असेल तर हे त्याच्याशेजारी लिहून ठेव.

प्रश्न : माझी मुलगी सॅन फ्रान्सिस्कोला असते. एअर इंडियाचे दिल्लीहून जाणारे विमान लांबच्या वाटेने जाऊन लवकर पोहोचते असे ऐकले. हे शक्य आहे का?
– एक वाचक, तळेगाव दाभाडे

उत्तर : शक्य आहे आणि ते घडले आहे. ऑक्टोबर २०१६ पर्यंत ते विमान पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जाई. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची, पण सगळा प्रवास समोरच्या वाऱ्यात. मग कंपनीने दिशाच बदलली आणि विमान पूर्वेकडून पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट १५,००० किलोमीटरच्या वर गेली, पण वारा पाठीशी आला आणि पहिले विमान साडेचौदा तासांत पोहोचले. वेळ आधीपेक्षा बराच कमी लागला. येताना विमान पुन्हा अटलांटिकवरून पूर्वेकडेच येई, म्हणजे तिकडूनही वारा पाठीशीच. त्या काळात तुम्ही मुलीकडे जाऊन परत आला असतात तर सबंध पृथ्वीला एक प्रदक्षिणा झाली असती.

जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते बंगळूर हे विमान कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सर्व महिला वैमानिकांनी उत्तर ध्रुवाच्या बाजूने आणले. ते अंतर सुमारे १४,००० किलोमीटर आणि वेळ सतरा तासांच्या आसपास. तिथे दोरा खरोखरच गोलाच्या माथ्यावरून जातो. तुमच्याकडे पृथ्वीगोल असेल तर बंगळूर आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये तो ताणून पाहा. मुलीला भेटायला जाताना तिकिटावर लिहिलेल्या वेळांची बेरीज करून निम्मेही काढा. फक्त अमेरिकेतली घड्याळे युरोपाच्या आधी, मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे होतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. जाण्याच्या आणि येण्याच्या तारखा या रविवारांच्या एकाच बाजूला असतील तर हिशेब मिनिटाला मिनिट जुळेल.